एटीव्ही (जाड टायरांची चारचाकी ऑफ-रोड गाडी) एका बाजूला ओढते: दोष पुढे की मागे?
आधी चारही टायरची हवा बघा; इतक्या कमी दाबाच्या टायरांत 1 पीएसआयचा फरकही गाडी ओढतो. मग पुढची चाकं उचलून आडवी हलवा. खेळ लागला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांचे सांधे) गेलेत, ते बदलल्याशिवाय टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) मोजूच नका. खेळ नसेल तर गाडी खाली घेऊन हँडल सरळ बांधा, हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर दोन्ही टायरांच्या मध्यरेषांतलं अंतर पुढून-मागून मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. गोव्यातल्या मोरजी-हरमलच्या खाऱ्या हवेत टो जुळवताना सैल करायचे टाय रॉडचे लॉकनट जाम होतात. आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारा.

मागे सलग अ‍ॅक्सल असेल तर टो जुळवायची सोय नसते. चाक फिरवताना डुगडुगलं तर रिम किंवा अ‍ॅक्सल वाकलाय. पुढच्या-मागच्या हबमधलं अंतर डावी-उजवीकडे वेगळं आलं तर ए-आर्म (पुढचं चाक सांगाड्याला जोडणारा दांडा) किंवा स्विंगआर्म (मागचा अ‍ॅक्सल धरणारा दांडा) तपासा.