उष्णता अडते कुठे, ते आधी शोधा

मार्च संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार असते : लॅपटॉप तापतो. पुण्यात रिपेअरिंगच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. तिथे सतत दिसायचं ते असं, की लोक लॅपटॉप गार करायला पैसे घालतात, पण उष्णता नेमकी कुठे अडली आहे ते बघतच नाहीत. म्हणून या वेळी पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : ताई, मी अकोल्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे 2019 चा गेमिंग लॅपटॉप आहे, प्रोसेसर आय7-9750एच. दिवाळीत सगळं छान चालायचं. आता मे महिन्यात गेम सुरू केला की तापमान 98 पर्यंत जातं आणि खेळ अडखळतो. कूलिंग पॅड घेतलं, फारसा फरक पडला नाही. घरातल्या कूलरसमोर ठेवला तर बरा चालतो, पण आई म्हणते पाणी जाऊन जळेल. दुकानदार म्हणतो पेस्ट बदला. काय करू?

उत्तर : 98 बघून घाबरू नकोस. या प्रोसेसरला इंटेलने 100 अंशांची मर्यादा आखून दिली आहे. तिच्या जवळ पोचला की तो आपणहून वेग उतरवतो, आणि तुझा खेळ अडखळतो तो त्यामुळेच. चिप जळत नाहीये, स्वतःला वाचवते आहे.

दुसरं, यातला काही भाग तुझ्या लॅपटॉपचा दोष नाहीच. कोणताही पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. दिवाळीत खोली 27 अंशांवर होती आणि मेमध्ये 42 वर गेली, तर आतलं सगळं साधारण त्याच 15 अंशांनी वर सरकणार. तेव्हा 83 दाखवणारा प्रोसेसर आता 98 दाखवेल, मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसताना. म्हणून तापमान लिहून ठेवताना शेजारी खोलीचं तापमानही लिहायची सवय लाव. त्याशिवाय ‘आधी बरा होता’ या वाक्याला अर्थ नाही.

आता आतला रस्ता समजून घे. चिपवर उष्णता पुढे वाहून नेणारी पेस्ट असते, पेस्टवर तांब्याची पट्टी, पट्टीला चिकटलेल्या चपट्या तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीटपाइप, आणि नळ्यांच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी. पट्टी, नळ्या आणि जाळी मिळून होतो तो हीटसिंक. पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो. या नळ्या भरीव नसतात. आत कमी दाबाखाली थोडं पाणी असतं. ते चिपकडच्या टोकाला उकळतं, वाफ होऊन गार टोकाकडे जातं, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून झिरपत परत येतं. मला हा भाग अजूनही फार सुंदर वाटतो. ना पंप, ना वीज, तरी वर्षानुवर्षं काम चालू. म्हणूनच या नळ्या वाकवायच्या किंवा दाबायच्या नाहीत. नळी चेपली, की तिचं काम संपलं.

या रस्त्यात अडथळा कुठे आहे ते लॅपटॉप न उघडताही बरंचसं कळतं. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाक. प्रत्येक कोअरचं (प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे आकडेमोड करणाऱ्या भागाचं) तापमान आणि प्रोसेसर किती वॅट खातोय, हे दोन आकडे समोर ठेव आणि जड काम सुरू कर.

तापमान दोन-चार सेकंदांत नव्वदीच्या वर उडी मारत असेल, काम थांबवताच तितक्याच झपाट्याने खाली येत असेल आणि वॅटचा आकडा काही मोठा नसेल, तर उष्णता चिपमधून बाहेरच पडत नाहीये. दोष पेस्टचा किंवा पट्टी नीट न बसल्याचा. एखादा कोअर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असेल, तर हा संशय पक्का. उलट तापमान पाच-सात मिनिटांत हळूहळू चढत असेल आणि तसंच सावकाश उतरत असेल, तर उष्णता जाळीपर्यंत पोचते आहे, पण तिथून निघत नाहीये. मग दोष धुळीचा किंवा पंख्याचा. बाहेर पडणाऱ्या हवेवर हात धरून बघ. प्रोसेसर 98 वर आणि हवा जेमतेम कोमट, म्हणजे पेस्ट. हवा चांगली गरम पण जोर नाही, म्हणजे जाळी तुंबली आहे. कूलिंग पॅडने फारसा फरक का पडला नाही, तेही यातून उमगेल. पेस्ट सुकलेली असताना खालून कितीही वारा घातला तरी उष्णता त्या वाऱ्यापर्यंत पोचायला हवी ना!

धूळ असेल तर खालचं कव्हर काढून आधी बॅटरीचं कनेक्टर सोडव. पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत धुळीची पट्टी बसलेली असते, जाड लोकरीसारखी. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, उलट आतच सरकते. पंख्याचे स्क्रू काढून ती चिमट्याने उचलून घ्यावी लागते.

पेस्ट बदलायची ठरलं, तर दुकानदाराला विचार, कोणती पेस्ट? डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, लॅपटॉपची चिप उघडी असते. सतत तापून-निवून पातळ पेस्ट तिच्या कडेकडे ढकलली जाते आणि मधली जागा कोरडी पडते. त्यामुळे पातळ पेस्ट लावली की पहिले काही महिने आनंद, मग पुन्हा तेच. माझी पसंती पेस्टऐवजी लावायच्या हनीवेलच्या पीटीएम7950 या पातळ चकतीला, आम्ही तिला पत्रा म्हणतो. नेहमीच्या तापमानाला तो पातळ चिकट कागदासारखा असतो, साधारण 45 अंशांना मऊ होऊन सगळ्या फटी भरतो आणि जागचा सहसा हलत नाही. मात्र अकोल्याच्या मे महिन्यात तुझ्या खोलीतच तो मऊ पडेल. कापायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव, म्हणजे वरची फिल्म नीट सुटते. नकली मालही विकला जातो, तेव्हा ओळखीच्या दुकानातून घे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच पुसायची, पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात. कसताना त्या क्रमाने, काढताना उलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलास, तर पट्टी तिरकी बसते.

हे सगळं उष्णता बाहेर काढण्याचं झालं. ती मुळात कमी निर्माण होईल असं करणं मला जास्त मोलाचं वाटतं. चिप खाते ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच वेगाला 1.10 ऐवजी 1.00 व्होल्ट पुरले, तर त्या भागातली जवळपास 17 टक्के वीज वाचते, म्हणजे तेवढी उष्णता तयारच होत नाही. तुझ्या प्रोसेसरच्या अनेक नगांवर 100 मिलिव्होल्टच्या आसपास कपात चालते. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये 50 पासून सुरुवात कर, कोअर आणि कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी स्मृती) दोन्हीला सारखीच कपात दे, पुढे दहा-दहाने जा आणि प्रत्येक पायरीवर तासभर जड काम चालवून बघ. मशीन अडकलं किंवा निळा पडदा आला, तर 20 मिलिव्होल्ट मागे ये.

हा पर्याय तुला ‘लॉक्ड’ दिसण्याची शक्यता मात्र बरीच आहे. डिसेंबर 2019 मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्युव्हेनच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज मुद्दाम खाली नेऊन प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली आकडेमोड चुकवता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून व्होल्टेज बदलायची सोयच बंद केली. ती उघडण्यासाठी जुना बायोस टाकायच्या फंदात पडू नकोस. त्याऐवजी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 वरून 99 टक्क्यांवर आण. एका टक्क्याने टर्बो (गरजेला वेग आपोआप वाढवायची सोय) बंद होतो आणि तुझा प्रोसेसर 4.5 गिगाहर्ट्झकडे न धावता 2.6 च्या आसपास राहतो. तापमान लगेच उतरेल. बरेचसे खेळ ग्राफिक्स कार्डावर अडलेले असतात, त्यामुळे फ्रेम थोड्या कमी झाल्या तरी अडखळणं थांबेल. हे आज संध्याकाळीच करून बघ, एक रुपयाही लागत नाही.

आणि आईचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. कूलरच्या दमट हवेने चालू लॅपटॉपच्या आत पाणी साचत नाही, कारण वाफेचं पाणी होतं ते हवेपेक्षा गार पृष्ठभागावर, आणि चालू लॅपटॉपचे भाग हवेपेक्षा गरम असतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोलीची हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो. तेवढा फरक पाडणारं कूलिंग पॅड बाजारात नाही. पण कूलरच्या ताट्यांवरून बारीक तुषार उडतात आणि बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार असतात. ते बोर्डवर वाळले की गंज धरतो. म्हणून लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नकोस. त्याच खोलीत, झोतापासून बाजूला, मागची बाजू जरा उचलून ठेव. आईला हे वाचून दाखव.

प्रश्न : लॅपटॉपला पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावलं तर पंधरा अंश उतरतात असं ऐकलं. रत्नागिरीत मिळत नाही, मुंबईहून मागवू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नका मागवू. हा गॅलियमचा मिश्रधातू असतो. निव्वळ गॅलियमच 29.76 अंशांना वितळतो आणि मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला पातळ राहतो. उष्णता तो उत्तम वाहतो, पण वीजही वाहतो. चिपशेजारच्या बारीक भागांवर एक थेंब ओघळला, तर बोर्ड गेला. ॲल्युमिनिअमला लागला तर ते आतून ठिसूळ होतं, आणि तुमच्या हीटसिंकमध्ये ॲल्युमिनिअम कुठे कुठे आहे हे बाहेरून सांगता येत नाही. सोनीने प्लेस्टेशन 5 मध्ये लिक्विड मेटल वापरलं आहे, पण ते बाहेर येऊ नये म्हणून कारखान्यातच भोवती बंदोबस्त करून. तुमचा लॅपटॉप बॅगेत आडवा-उभा होत एसटीने फिरणार. वरच्या उत्तरातला पीटीएम7950चा पत्रा लावा आणि निवांत राहा.

प्रश्न : मुलाने आय7-14700के घालून डेस्कटॉप बांधला आहे आणि आता ‘ओव्हरक्लॉक’, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचं, करायचं म्हणतो. हे धोक्याचं आहे का? परवानगी द्यावी का?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर : त्याची हौस मला फार जवळची आहे. 1998 मध्ये इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. तो 66 मेगाहर्ट्झच्या बसला (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटेच्या वेगाला) साडेचारने गुणून 300 वर चालायचा. बस 100 ची केली की तोच प्रोसेसर 450 मेगाहर्ट्झवर धावायचा, म्हणजे दीडपट, आणि बहुतेक नग ते सहज सोसायचे. काही बोर्डांत तशी सोय नसे. तेव्हा प्रोसेसरच्या कार्डावरची बी21 ही पिन चिकटपट्टीने किंवा नेलपॉलिशने झाकायची, म्हणजे बोर्ड आपोआप 100 ची बस धरायचा. स्वस्त चिपमधून महागड्या चिपचं काम काढून घ्यायची ती गोडी लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून आमच्यासारख्यांना लागली आणि त्यातूनच आम्ही मशीन शिकलो.

पण आजच्या चिपमध्ये वेग वाढवायला तशी जागा शिल्लक राहिलेली नाही. कंपनीच चिपला टोकाच्या वेगावर पाठवते. 14700केला इंटेलने टर्बोसाठी 253 वॅटची मर्यादा सांगितली आहे, आणि अनेक मदरबोर्ड ती मर्यादाही मूळ सेटिंगमध्ये सैल सोडायचे. त्यावर आणखी पाच टक्के वेग काढायला प्रचंड उष्णता मोजावी लागते. शिवाय 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होण्याची अडचण 2024 मध्ये इंटेलने मान्य केली. त्यावरची दुरुस्ती ऑगस्टपासून बायोसमधून यायला लागली आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जी चिप आधीच झिजली आहे तिला ही दुरुस्ती बरं करत नाही, पुढची झीज मात्र रोखते.

तेव्हा मुलाला आज ताजा बायोस टाकायला सांगा. मग मर्यादा 253 वर आहे का ते बघून तिथून ती टप्प्याटप्प्याने 180 पर्यंत उतरवायला सांगा. प्रत्येक टप्प्यावर वेग, वॅट आणि तापमान त्याने वहीत मांडावं. वीज एवढी घटते आणि काम थोडंच मंदावतं, हे त्याला स्वतःच्या आकड्यांत दिसलं की या छंदाचा आजचा खरा रस त्याला कळेल. परवानगी जरूर द्या.

प्रश्न : लॅपटॉपचा टचपॅड वर आला आहे, क्लिक नीट होत नाही. तापल्यामुळे प्लास्टिक वाकलं असेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : प्लास्टिक नाही, बहुतेक बॅटरी फुगली आहे. हे वाचताच लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका. फुगवटा टोचून हवा काढायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडे लॅपटॉप सोपवू नका, लिथियमची बॅटरी टोचली की पेट घेऊ शकते. गादी-उशांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, ई-कचऱ्यातच द्यायची. नवी बसवल्यावर चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवा. कायम 100 टक्के भरलेली आणि सतत गरम, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बॅटरी लवकर म्हातारी होते.

प्रश्न : घरच्या ब्लोअरने लॅपटॉप साफ केला तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल, पण पंख्याचं पातं बोटाने किंवा प्लास्टिकच्या काडीने धरून ठेवा. ब्लोअरच्या जोराने पंखा त्याच्या वेगाबाहेर गरगरला तर बेअरिंग जातं. आधी बॅटरीचं कनेक्टर काढा, झोत हातभर अंतरावरून मारा, आणि व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बोर्डाला लावू नका. त्यातून स्थिर वीज तयार होते.