कॅन बसचा (गाड्या आणि यंत्रांमधले कंट्रोलर जोडणाऱ्या दोन तारांच्या जाळ्याचा) वेग ५०० केबीपीएसवरून (सेकंदाला ५०० किलोबिट) वाढवला की एरर फ्रेम (चूक झाल्याचे संदेश) येतात. केबल बदलू की ट्रान्सीव्हर (तारेवर सिग्नल पाठवणारी-घेणारी चिप)?

आधी दोन्ही राहू द्या, मल्टिमीटर काढा. सगळा पुरवठा बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन तारांमधला रोध मोजा. साधारण ६० ओहम यायला हवा, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० दिसला तर एक टोक उघडं आहे, म्हणजे तिथे रेझिस्टर नाही. ४० दिसला तर कुणीतरी मध्येच तिसरा रेझिस्टर बसवलाय. (हे वाटतं त्यापेक्षा फार जास्त वेळा सापडतं.)

रोध बरोबर असेल तर संशय फाट्यांवर. मुख्य तारेपासून नोडपर्यंतचा (बसला जोडलेल्या उपकरणापर्यंतचा) लांब फाटा सिग्नल परतवतो, सिग्नलची कडा थरथरते आणि बिट चुकीचा वाचला जातो. १ एमबीपीएसला फाटा ३० सेंटीमीटरच्या आत ठेवा, मुख्य तार ४० मीटरच्या आत. तारांची रचना चांदणीसारखी असेल तर ती सरळ रेषेत आणा. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या तर हव्यातच.

रचना बदलणं शक्यच नसेल, तरच ट्रान्सीव्हर. कॅन एसआयसी (सिग्नल सुधारणाऱ्या) प्रकारचे ट्रान्सीव्हर ही थरथर दाबतात. वेगच हवा असेल, तर कॅन एफडीमध्ये (कॅनच्या नव्या, वेगवान आवृत्तीत) डेटाचा भाग ५ एमबीपीएसपर्यंत नेता येतो आणि एका फ्रेममध्ये ८ ऐवजी ६४ बाइट मावतात. मात्र बसवर एकही जुना, फक्त क्लासिक कॅन जाणणारा कंट्रोलर चालू असेल, तर तो एफडी फ्रेमला चूक समजून पाडेल.

आणि सॅम्पल पॉइंट (बिटच्या कालावधीत तो नेमका कधी वाचायचा ती जागा) सगळ्या नोडवर सारखा आहे ना, तेही बघा.