अंग बाहेर येते, पण ऑपरेशन नको: एका मावशींचा प्रश्न

‘वय झाले आहे, अंग बाहेर येते, ऑपरेशनची भीती वाटते, बसण्या-उठण्याच्या सवयी बदलून आणि व्यायाम करून हे घरच्या घरी बरे होईल का?’ अंग बाहेर येणे म्हणजे गर्भाशय आपल्या जागेवरून खाली सरकणे. साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रिया समुपदेशनात हा प्रश्न विचारतात, आणि तो ओठांवर येईपर्यंत बहुतेकींनी बरीच वर्षे दुखणे अंगावर काढलेले असते. सातारा जिल्ह्यातील 67 वर्षांच्या एका मावशींची हकिकत येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मावशी सुनेबरोबर आल्या, तेव्हा तक्रार कंबरदुखीची होती. सून औषधे आणायला बाहेर गेल्यावर मात्र त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “ताई, खाली काहीतरी अडकल्यागत वाटतं. सकाळी काही नसतं, पण दिवसभर काम केलं की संध्याकाळी हाताला लागतं.” ही कॅन्सरची गाठ असावी, असे त्यांनी मनाशी धरले होते. शेजारणीच्या सांगण्यावरून त्या रोज तुरटीच्या पाण्याने जागा धूत होत्या आणि त्याने आग वाढली होती. लघवी सुटेल या धास्तीने भजनाला जाणे थांबले होते आणि पाणीही जेमतेम पीत होत्या.

तुरटीचे पाणी त्याच दिवशी बंद करायला सांगितले, पण व्यायामाविषयी बोलण्याआधी तपासणी करून घेण्याचा आग्रह धरला, कारण नैसर्गिक उपाय करायचे म्हणजे डॉक्टरांना टाळायचे, असा अर्थ होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून सांगितले, की गर्भाशय दुसऱ्या टप्प्यापर्यंत, म्हणजे योनीच्या तोंडाजवळ, खाली सरकले आहे, गाठ किंवा जखम नाही आणि लघवी पूर्ण होते आहे. चार बाळंतपणांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध सैल झाले होते, पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होऊन तेथील त्वचा व ऊती नाजूक झाल्या होत्या आणि त्यात आयुष्यभराच्या ओझ्याची भर पडली होती. कॅन्सर नाही एवढे कळल्यावरच मावशींचे लक्ष माझ्या बोलण्याकडे लागले.

मी त्यांना सतरंजीवरून उठून दाखवायला सांगितले. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून त्यांनी श्वास कोंडला, गाल फुगले, पोट पुढे आले आणि एका हिसक्यात त्या उभ्या राहिल्या. कोंडलेल्या श्वासाचा तो सगळा दाब खाली जातो, आणि दिवसातून कितीतरी वेळा जातो. म्हणून आधी कुशीवर वळायचे, मग गुडघ्यांवर यायचे, एक पाऊल पुढे रोवायचे आणि श्वास सोडत सोडत उठायचे, असे आम्ही तिथेच करून पाहिले. ओल्या कपड्यांची बादली कमरेतून वाकून उचलण्याऐवजी दोन खेपांत अर्धी अर्धी न्यायची, उचलताना ती अंगाजवळ धरायची आणि श्वास सोडायचा. पाण्याची कळशी मात्र आता सुनेने किंवा मुलाने उचलायची, हे सुनेसमोरच ठरले. कंबरदुखीसाठी त्या करकचून बांधत असलेला पोटाचा पट्टाही बंद केला, कारण आवळलेल्या पोटाचा दाब खालीच उतरतो. टीव्हीवर पाहून रोज करत असलेली कपालभातीही याच कारणासाठी थांबवायला सांगितली, याचे त्यांना सर्वांत जास्त वाईट वाटले.

बद्धकोष्ठाकडे मी अधिक लक्ष दिले. पाणी कमी प्यायल्याने शौचाला खडा होत होता, त्यामुळे कुंथावे लागत होते, कुंथल्याने अंग आणखी खाली येत होते आणि ते वाढले म्हणून मावशी पाणी आणखी कमी करत होत्या. हे चक्र तोडण्यासाठी पाणी पुन्हा दीड-दोन लिटरपर्यंत आणले, जेवणात पालेभाजी व फळे वाढवली आणि रात्री भरपूर पाण्याबरोबर इसबगोल सुरू केले. घरी कमोड असल्याने पायांखाली लहान पाट घेऊन, किंचित पुढे वाकून, जोर न लावता बसायला शिकवले. मावशींना खोकलाही होता, आणि खोकल्याचा दाबही खालीच जातो. त्याचे कारण घरातच सापडले: स्वयंपाक गॅसवर होत असला तरी आंघोळीचे पाणी चुलीवर तापत होते आणि धुरासमोर मावशीच बसत होत्या.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतला. वारा अडवताना जसे आखडतो तसे स्नायू आत आणि वर ओढायचे, सुरुवातीला तीन सेकंद आणि हळूहळू दहा सेकंदांपर्यंत धरायचे, तेवढीच विश्रांती घ्यायची. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आधी पडून आणि नंतर बसून व उभ्याने. श्वास चालू ठेवायचा. अनेक स्त्रिया आत ओढण्याऐवजी नकळत खाली जोर देतात आणि त्याने नुकसानच होते, म्हणून एकदा जाणकाराकडून पडताळून घ्यावे. लघवीची धार अडवून सराव करू नये. खोकला किंवा शिंक येण्याआधी हेच स्नायू आवळण्याची सवय मावशींना लवकर जमली.

ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील स्त्रियांवर झालेली एक चाचणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येकीला स्वतंत्रपणे शिकवलेल्या या व्यायामाने वर्षअखेर त्रास कमी झाल्याचे तिच्यात दिसले. मात्र केवळ उभे राहण्याची ढब बदलून गर्भाशय मूळ जागी जाऊन बसते, असे मी कुणालाही सांगत नाही, आणि ते पूर्ण बाहेर आलेले असेल तर व्यायामावर भिस्त ठेवून थांबणे योग्य नव्हे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, लघवी अडणे, बाहेर आलेल्या भागावर जखम किंवा दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काहीही दिसले, तर लगेच डॉक्टर गाठावेत.

चार महिन्यांनी मावशींचे गर्भाशय तपासणीत त्याच टप्प्यावर होते, पण संध्याकाळचा जडपणा बराच उतरला होता. शेतात जाण्याच्या दिवसांसाठी डॉक्टरांनी त्यांना सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी बसवली आणि कोरडेपणासाठी योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम दिले. रिंग ठरल्या वेळी काढून, स्वच्छ करून पुन्हा बसवावी लागते, म्हणून त्या तारखा सुनेने कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत. ऑपरेशन तूर्त नको, हा निर्णय मावशींनी डॉक्टरांशी बोलून घेतला आहे. रिंग टोचू लागली किंवा त्रास वाढला, तर तो पुन्हा तपासायचा, असेही त्याच वेळी ठरले आहे.