गनिमी काव्याची तत्त्वं रोजच्या कामात किंवा एखाद्या कलाकृतीसाठी वापरता येतात का?

येतात. फक्त गनिमी कावा म्हटलं की बहुतेकांना अचानक छापा एवढंच आठवतं. मला त्यातल्या दोन गोष्टी जास्त कामी आल्या: जागा आपण निवडायची आणि वेळेत मागे फिरायचं.

उंबरखिंड घ्या. फेब्रुवारी १६६१. मुघल सरदार कारतलबखानाची फौज मोठी, पण दाट रानातल्या अरुंद वाटेत शिरल्यावर तो मोठेपणाच तिच्या अंगाशी आला. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी पुढची-मागची वाट बंद केली आणि खानाला खंडणी देऊन, सामान टाकून सुटका करून घ्यावी लागली.

मी तीन वर्षं एका चित्रकादंबरीच्या मागे होतो. अख्खा रविवार मोकळा ठेवायचो आणि दुपारपर्यंत नुसता टेबल आवरत बसायचो. दोनशे पानांना मोकळ्या मैदानात अंगावर घेतलं की दुसरं काय होणार! मग खिंड शोधली: पहाटे सव्वापाच ते सहा. रात्री झोपताना चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, ‘जिना. आजीचा हात कुलपावर. चौकट एकच.’ पेन्सिलीला टोक काढलेलं, कागद टेबलाला चिकटवलेला. उठायचं, तेवढी चौकट काढायची आणि हात रंगात आला असला तरी सहाला पसार व्हायचं. हे पसार होणंच सगळ्यात अवघड. लोभापायी सातपर्यंत रेंगाळलो की दुसऱ्या दिवशी दांडी ठरलेली.

माघारीचं म्हणाल तर १६६५ चा पुरंदरचा तह आठवा. ३५ पैकी २३ किल्ले देऊन टाकले, १२ राखले. पाच वर्षांत सिंहगड परत आला. मीही रंग सोडले, एक अख्खं उपकथानक सोडलं. रंग पुढे मुखपृष्ठापुरते परत मिळवले. उपकथानक अजून खोक्यात आहे, आणि खरं सांगायचं तर त्याची आठवणही येत नाही.

ऑफिसात सहकाऱ्यांवरच कावा खेळायचा विचार असेल तर मात्र नको. आसपासच्या माणसांनी खबर दिली, आसरा दिला, तरच असली लढाई टिकते. माझ्या घरी सहापर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे, म्हणून माझं निभलं.

आणि छाप्यांनी समोरचा बेजार होतो, पण मुलूख राखायचा तर ठाण मांडावंच लागतं. शेवटी सगळी पानं जमिनीवर मांडली तेव्हा दिसलं की तिसाव्या पानावरच्या आजीचं नाक बसकं आहे आणि एकशे चाळीसाव्यावर चांगलं धारदार. रोज एकेक चौकट काढल्याचा हा प्रसाद. आठ दिवस रजा टाकली, दार लावून घेतलं आणि सगळी नाकं एका बैठकीत सारखी केली.