‘मन लागत नाही’ म्हणणारा मुलगा आणि सव्वा लाखाची फी

“मॅडम, सरकारी संस्थेची फीसुद्धा आता आवाक्याबाहेर गेली. वावर विकून पोराला पाठवायचं, की गावाजवळच्या कॉलेजात टाकून मोकळं व्हायचं?” जेईई आणि बारावीचे निकाल लागले की नागपुरात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या मनात हाच प्रश्न असतो. पण इतक्या सरळ शब्दांत तो क्वचितच विचारला जातो. बहुतेक वेळा तक्रार वेगळीच असते. पोरगा बोलत नाही, पोरीचं लक्ष उडालंय, मोबाइल सुटत नाही. खाली खणत गेलं की फी सापडते.

एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नरखेड तालुक्यातलं कुटुंब. चार एकर वावर, थोडी संत्र्याची झाडं, बाकी कापूस आणि सोयाबीन. मुलाला जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या सामाईक प्रवेशाच्या फेरीत व्हीएनआयटीत, नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (एनआयटी) जागा मिळालेली. गावात पेढे वाटून झाले होते, आणि आता हा म्हणत होता की मला जायचंच नाही. वडील खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होते. “दोन वर्षं इथं खोली करून देल्ली, क्लास लावून देल्ला. आता नंबर लागला, तं म्हन्ते मन नाही लागत. कोनाच्या नादी लागला का काय, तुमीच पाहा.” आई म्हणाली, हा रात्री जेवत नाही, अंगणात फेऱ्या मारत राहतो.

मुलाशी एकट्याशी बोलले. त्याचं भाषण तयार होतं. इंजिनीअरिंगमध्ये आता काही राहिलं नाही, बी.ए. करतो, सोबत स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. एकही शब्द न अडखळता. अठरा वर्षांचं पोरगं आपल्या भविष्याबद्दल इतकं सफाईने बोलायला लागलं की मला शंका येते. या वयातली खरी नावड धड सांगता येत नाही, ती चिडचिडीतून बाहेर पडते. मी विषय बदलला, कुठली शाखा मिळाली ते विचारलं. इलेक्ट्रॉनिक्स. मग बिघडलेल्या मोटारपंपाचा स्टार्टर त्याने स्वतः कसा दुरुस्त केला, हे तो बराच वेळ सांगत राहिला.

अशा वेळी मी एक प्रश्न नेहमी विचारते. फी शून्य असती तर काय केलं असतं?

“मग गेलोच असतो ना.”

पुढचं मला फारसं विचारावं लागलं नाही. घरी जमिनीचा दलाल येऊन गेला होता. ओसरीवरचं बोलणं याने आतून ऐकलं. दोन एकर काढायचं ठरत होतं. सव्वा लाख गुणिले चार, म्हणजे पाच लाख, वर वसतिगृह आणि मेस. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आधीच आहे. धाकटी बहीण अकरावीत. “दोन एकर गेलं तर राहिलं काय, मॅडम? आणि तिचं काय?” त्याने हिशेब केला होता आणि त्या हिशेबातून स्वतःलाच वजा केलं होतं. बापाला सरळ सांगितलं असतं की पैशासाठी थांबतो, तर बापाने ऐकलं नसतं. म्हणून मन लागत नाही.

त्याचा हिशेब अर्धाच होता, हे इथे सांगायला हवं. २०१६ साली देशातल्या एनआयटींची शिकवणी फी वर्षाला ७० हजारांवरून १ लाख २५ हजार झाली. त्याच वर्षी आयआयटींची ९० हजारांवरून २ लाख. या बातमीचा पहिला भाग घरोघरी पोचला. दुसरा भाग असा की अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ही फी पूर्ण माफ आहे. बाकीच्यांमध्ये कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफी आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफी. या कुटुंबाचा तहसीलचा दाखला अडीच लाखांच्या आतला होता. म्हणजे वर्षाला भरायचे साधारण ४१ हजार ७०० रुपये. चार वर्षांचे पाच लाख नव्हे, पावणेदोन लाखांच्याही आत. दाखला घरातच होता, पण तो फीसाठी लागतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

माफी फक्त शिकवणी फीला आहे. वसतिगृह, मेस आणि बाकीचे आकार द्यावेच लागतात. त्यासाठी शैक्षणिक कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं. सातबारा मध्ये येतच नाही. व्याजाच्या सवलतीच्या अटी मात्र वेगळ्या आहेत आणि दुसरी सरकारी सवलत घेत असाल तर त्या आड येऊ शकतात, म्हणून बँकेकडून लेखी घ्या असं मी सगळ्यांनाच सांगते.

कागद इतक्यात संपले. अवघड होतं ते पुढे.

मी वडिलांना म्हटलं, हा सगळा हिशेब मुलासमोर मांडू. बोजा किती, हातात किती, गेल्या साली सोयाबीनचे किती आले. ते एकदम ताठ झाले. “घरचं कर्ज पोराले सांगाचं काहून? त्यानं अभ्यास करावा.” माझ्याकडे येणारे बहुतेक वडील हेच म्हणतात आणि यामागची माया मला समजते. पण मुलांना कर्ज माहीत असतंच. माहीत नसतो तो नेमका आकडा, आणि आकडा माहीत नसला की अंधारातली मुलं तो कितीही मोठा करून घेतात. या मुलाने आपल्या मनात बापाचं कर्ज खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट धरलं होतं. कागदावर खरी रक्कम लिहिली तेव्हा तो म्हणाला, “एवढंच?” वडिलांना हसू आलं आणि रागही आला. एवढंच म्हणे.

दुसरी गोष्ट मी वडिलांकडून मागून घेतली. ‘तुझ्यासाठी वावर काढायला निघालो होतो’ हे वाक्य पुढची चार वर्षं घरात बोलायचं नाही. भांडणात नाही आणि कौतुकात तर नाहीच. या वाक्याखाली दबलेली मुलं मी पाहते. हुशार असतात. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला की त्यांना तो विषय दिसत नाही, दोन एकर दिसतं. मग घरी फोन कमी होतो, मेसचं खाडं वाढतं, पुस्तकाचे पैसे मागायचे टळतात, आणि एक दिवस वसतिगृहातून आवराआवर करून पोरगं घरी येतं. घरच्यांना वाटतं, अभ्यास झेपला नाही. त्याग करणाऱ्याने त्याची आठवण करून दिली की तोही फीच्या पावतीवरचा एक आकार होतो, आणि त्याला माफी नसते.

धाकट्या बहिणीचाही प्रश्न त्याच बैठकीत घेतला, नाहीतर तो दोन वर्षांनी तिच्या मन न लागण्यातून आला असता. कुटुंब ओबीसी. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. त्याआधी ही सवलत निम्मी होती. प्रवेश मात्र कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यात, अभिमत विद्यापीठात किंवा खासगी विद्यापीठात ती मिळत नाही. बहीण बाहेरच्या बाकावर बसली होती. तिला आत बोलावून हे तिच्याच तोंडावर सांगितलं.

आता माझं मत. सवलती आहेत म्हणून फीवाढ रास्त, हा युक्तिवाद मला पटत नाही. ५ लाखांची रेघ फार धारदार आहे. त्याच मोसमात उमरेडकडचं एक कुटुंब आलं होतं. आईवडील दोघंही खासगी शाळेत शिक्षक, दोघांचं मिळून उत्पन्न रेघेच्या थोडंसं वर. त्यांच्या मुलीला एनआयटीत पूर्ण १ लाख २५ हजार पडत होते. शेवटी तिने राज्याच्या कॅप फेरीतून नागपुरातलंच कॉलेज घेतलं, कारण तिथे मुलींच्या फीमाफीची ८ लाखांची मर्यादा लागू होती. निर्णय शहाणपणाचा होता, पण तिला तो पराभव वाटला. वाटणारच. त्यावर मी तिला ‘सगळं चांगल्यासाठीच होतं’ असलं काही सांगितलं नाही. तिला रडायचं होतं, ती रडली.

आणि हे फक्त इंजिनीअरिंगचं नाही. साध्या बी.एस्सी., बी.कॉम.लाही एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत अनुदानित तुकडीची फी वेगळी आणि विनाअनुदानित तुकडीची वेगळी असते. सरकारी अनुदान मुख्यतः मंजूर पदांच्या पगारापुरतं येतं. त्याबाहेर सुरू झालेले अभ्यासक्रम विद्यार्थ्यांच्या फीवरच चालतात. म्हणून अर्ज भरताना तुकडी कुठली, हे खिडकीवर विचाराच. विचारायला लाज वाटणारे पालक मी रोज पाहते. अनुसूचित जातीतल्या, वसतिगृहात नंबर न लागलेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर नागपुरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. महाडीबीटीवरचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे पैसे मात्र उशिरा येतात, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर येतच नाहीत. पहिल्या काही महिन्यांची सोय हाताशी ठेवूनच निघावं लागतं. उत्पन्नाचा दाखला संस्थेने मागितलेल्या आर्थिक वर्षाचाच हवा. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर गर्दी उसळते, तेव्हा मेमध्येच अर्ज टाकलेला बरा.

नरखेडच्या मुलाने प्रवेश घेतला. वावर जागेवर आहे. मेस आणि वसतिगृहापुरतं कर्ज त्याच्या नावावर निघालं. ते फेडायचं त्यालाच आहे, हे बैठकीतच ठरलं होतं आणि त्याला ते मनापासून हवं होतं.

पुढे एकदा तो एकटाच आला, बजाजनगरातून चालत. पहिल्या सेमिस्टरचं गणित राहिलं होतं. घरी सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं, त्याच संध्याकाळी. वडील चिडले होते, पण जमिनीचा विषय निघाला नव्हता. मग आम्ही बराच वेळ बोललो ते इंटिग्रेशन त्याला कुठे अडतं, आणि सकाळी आठच्या तासाला तो का पोचत नाही, याबद्दल.