पीएचडी ऑप्टिमायझेशनमध्ये (म्हणजे आहे त्या साधनांत सगळ्यात चांगला पर्याय शोधायचं गणित), मग प्राध्यापकाची जागा कुठल्या डिपार्टमेंटला बघायची?

अप्लाइड मॅथ्सवाली मुलं हा प्रश्न कायम घेऊन येतात. मध्यंतरी सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे स्नेहल (नाव बदललंय) आणि तिची आई आल्या. आईच बोलल्या, "सर, गणितवाले म्हणतात ही इंजिनिअरिंगची, इंजिनिअरिंगवाले म्हणतात ही गणिताची, पोरीनं करायचं काय?"

फाईल चाळली. थिसिस ऊसवाहतुकीवर, म्हणजे कुठल्या फडातला ऊस कधी तोडायचा, कुठली गाडी कधी सोडायची, तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घसरतो हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, पण अर्जात हे पार शेवटी आणि पहिल्याच ओळीत 'इंटिजर प्रोग्रॅमिंग' (उत्तर पूर्ण संख्येतच हवं असं ऑप्टिमायझेशन). बरं गणित, मेकॅनिकल, एमबीए सगळीकडं तोच अर्ज!

मी स्पष्ट सांगितलं, तुझ्या विषयाला जागा नाही असं अजिबात नाही. गणिताच्या पॅनेलवर बहुतेक अ‍ॅनालिसिस नाहीतर अल्जेब्रावाले असतात, त्यांना बघायचं असतं की ही बीएस्सीला रिअल अ‍ॅनालिसिस शिकवेल का. इंजिनिअरिंगला बघतात लाप्लास ट्रान्सफॉर्म, न्यूमेरिकल मेथड्स शिकवेल का. एमबीएला ओआर, म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, धंद्यातले निर्णय गणितानं घ्यायचा विषय. मग अर्ज तीन कर आणि पहिल्या पॅरातच लिही की मी तुमच्याकडं हे हे शिकवीन, रिसर्च त्याच्या खाली.

डेमो लेक्चर ती डुअ‍ॅलिटी थिअरमनं सुरू करायची (प्रत्येक साधनाची किंमत काढणारं जोडीचं गणित असतं, त्याचा हा थिअरम). म्हटलं, थिअरम राहू दे, दोन गाड्या, तीन फड मांड आणि विचार, अजून एक गाडी मिळाली तर कारखान्याला तिची किंमत किती? आई पटकन म्हणाल्या, "आधीच्याच गाड्या रिकाम्या उभ्या असतील तर शून्यच की!" स्नेहल बघतच राहिली, कारण पुस्तकात कॉम्प्लिमेंटरी स्लॅकनेस म्हणतात ते हेच, जे साधन शिल्लक पडतं ते अजून एक मिळालं तरी त्याची किंमत शून्य.

सेट (प्राध्यापकीच्या पात्रतेची राज्याची परीक्षा, नेट ही देशपातळीवरची) मात्र सोडू नकोस म्हणालो. १ जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट-सेट हीच किमान पात्रता धरलीय, आणि सीएसआयआर-नेटच्या गणिताच्या सिलॅबसमध्ये लिनिअर प्रोग्रॅमिंग, सिम्प्लेक्स, डुअ‍ॅलिटी आहे, म्हणजे तिचं घरचंच. आयआयटीचे निकष वेगळे, तिथं नेट मागत नाहीत पण पीएचडीनंतरचं काम आणि पेपर बघतात, त्यामुळं तिकडं जायचं तर आधी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन.

सध्या ती एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतीय, पर्मनंट जागा अजून नाही, सेटचा फॉर्म भरलाय.