तलावाचा गाळ आणि पडद्यावरची पृथ्वी

प्रश्न : आमच्या पाझर तलावातला गाळ लोकवर्गणीतून काढला. कामाआधी आणि कामानंतर अशी दोनदा ड्रोनने मोजणी करून घेतली. दोन्ही नकाशे ‘गूगल अर्थ प्रो’मध्ये टाकले, तेव्हा ते उपग्रहचित्रापासून तीन-चार मीटर सरकलेले दिसले, उंची साठ-सत्तर मीटरने कमी भरली आणि खोदलेला भाग तर दिसलाच नाही. मोजणी चुकली का? गाळाचे घनमाप इथेच काढता येईल का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपण सांगितलेल्या तिन्ही गोष्टींवरून मोजणी चुकली, असे म्हणता येत नाही. उपग्रहचित्र स्वतःच काही मीटर इकडेतिकडे असू शकते. त्यामुळे जमिनीवर फक्कीने फुल्या मारून त्यांचे अक्षांश-रेखांश अचूक घेतले असतील, तर आपला नकाशा त्या चित्रापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे आणि तो ओढून चित्राशी जुळवू नये.

उंचीतला फरक संदर्भपातळीचा आहे. ड्रोनला उपग्रहांच्या साहाय्याने मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, तर गूगल अर्थ समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते, आणि आपल्या भागात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे.

खोदकाम न दिसण्याचे कारण मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण इथे जाणकारही फसतात. आपण टाकलेले छायाचित्र गूगलच्या स्वतःच्या भूपृष्ठावर चादरीसारखे पसरले जाते. ते भूपृष्ठ ग्रामीण भागात बरेच ढोबळ असते. फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीत साधारण 30 मीटरला एक उंची मिळते, तशाच प्रकारची ही सामग्री. दोन मीटर खोल खोदकाम त्यात उमटणार कसे? पडद्यावर दिसणारा चढउतार आपल्या तलावाचा नाही, म्हणून त्यावर घनमाप काढू नये.

ते ‘क्यूजीआयएस’ या नकाशांच्या मोफत संगणकप्रणालीत काढावे. दोन्ही वेळच्या भूपृष्ठांच्या उंचीची वजाबाकी केली की प्रत्येक ठिकाणी किती खोदले गेले, ते कळते. मात्र दोन्ही मोजण्यांना जमिनीवरच्या त्याच खुणांचा आधार हवा आणि तलाव दोन्ही वेळा कोरडा हवा, कारण पाण्याखालचा तळ छायाचित्रांतून विश्वासाने मोजता येत नाही. बेरीज करण्याआधी सांडव्याचे काँक्रीट तपासावे. तिथे कोणी कुदळ मारलेली नाही, म्हणजे वजाबाकी शून्याजवळ यायला हवी. ती सगळीकडे दहा सेंटिमीटर आली, तर दोन हेक्टरच्या तलावात 2,000 घनमीटर, म्हणजे सुमारे 700 ब्रास गाळ केवळ कागदावर वाढेल किंवा घटेल. लोकांनी पदरमोड करून दिलेल्या पैशांचा हिशेब असा ढिला राहू नये.

हा हिशेब पक्का झाला की गूगल अर्थकडे परत यावे. खोदकामाच्या खोलीचा रंगीत नकाशा केएमझेड फाइल (गूगल अर्थमध्ये उघडणारी नकाशाची फाइल) करून ग्रामसभेत उघडला, तर बांध, विहिरी, ओढा ओळखीचे असल्यामुळे आपल्या शेताजवळ किती काम झाले, ते प्रत्येकाला बोट ठेवून दाखवता येते. जुनी उपग्रहचित्रे पाहण्याची सोय वापरून आधीच्या वर्षांत पाणी कुठवर होते, तेही पाहावे. फाइल मोठी असेल, तर सुपर ओव्हरले करण्याचा, म्हणजे मोठ्या चित्राचे लहान तुकडे करून दाखवण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे बारकावे टिकतात.

एक खबरदारी घ्यावी. फेब्रुवारी 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडवी एक मीटर आणि उभी तीन मीटर यांहून अधिक अचूक असलेली नकाशासामग्री भारतातच साठवावी लागते. म्हणून मूळ फाइली परदेशी सर्व्हरवर न चढवता आपल्याच संगणकावर उघडाव्यात.